काळी खोली : आधी पट्टी, मग रोल

मागच्या वेळी मी जाता जाता लिहिलं होतं की आमच्याकडे फिल्म धुणारं एक घरगुती यंत्र आहे, गाडीच्या वायपरच्या मोटरवर चालणारं. मी आणि माझ्या भाच्याने मिळून ते बनवलं. त्या एका ओळीवर बरीच पत्रं आली, म्हणून या वेळचं सदर बहुतेक त्याच विषयाला दिलं आहे.

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आजोबांच्या जुन्या कॅमेऱ्यात कृष्णधवल रोल घालून फोटो काढतो. दर वेळी घड्याळ लावून टँक हलवत बसायचा कंटाळा आला, म्हणून यंत्र बनवलं. पॅटरसनचा टँक, म्हणजे उजेड आत न जाणारा फिल्म धुण्याचा डबा, उभा ठेवलाय. डेव्हलपर (प्रतिमा उमटवणारा), स्टॉप बाथ (ते काम थांबवणारा), फिक्सर (प्रतिमा पक्की करणारा) आणि पाणी यांच्या चार बाटल्या, द्रव मोजून सोडणारे चार डोसिंग पंप आणि सगळं चालवायला एक आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम घालता येणारा छोटा बोर्ड. टँकच्या दांडीला लावलेली मोटर पूर्ण वेळ एकाच दिशेने फिरते. पहिल्या रोलवर भोकांच्या ओळीजवळ गडद पट्टे आले आणि फिल्मची एक लांब कड दुसरीपेक्षा काळी निघाली. प्रोग्रॅम तीनदा तपासला, वेळ सेकंदाबरहुकूम आहे. मग चूक कुठे? *(एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर)*

उत्तर : तुमचा प्रोग्रॅम बरोबर असणार. चूक पाण्यात आहे, म्हणजे द्रव टँकमध्ये कसा शिरतो आणि कसा हलतो यात.

आधी काळी कड घेऊ. बारा व्होल्टचे जे छोटे डोसिंग पंप मिळतात ते मिनिटाला साधारण १०० मिली पाणी देतात. एका रोलला तुमच्या टँकमध्ये ३०० मिलीच्या आसपास डेव्हलपर लागतो. म्हणजे टँक भरायलाच तीन मिनिटं. रील, म्हणजे फिल्म गुंडाळायची चक्री, उभ्या टँकमध्ये आडवं बसतं, त्यामुळे फिल्मची खालची कड पहिल्याच मिनिटात बुडते आणि वरची तीन मिनिटं कोरडी वाट बघत राहते. एचपी-५ ही कृष्णधवल फिल्म आयडी-११ या डेव्हलपरच्या मूळ, पाणी न घातलेल्या द्रावणात २० अंशांना साडेसात मिनिटं धुवायची असते. साडेसात मिनिटांच्या कामात तीन मिनिटांचा फरक, मग कड काळी होणारच. हाताने ओततो तेव्हा दहा सेकंदांत टँक भरतो, हे आपल्या लक्षातही येत नाही.

मोठा पंप घ्या म्हणणार नाही. बाटल्या वर टांगा आणि द्रव स्वतःच्या वजनाने खाली येऊ द्या. टँकच्या हातभर वर बाटली आणि आठ मिलिमीटरची नळी, एवढ्यावर ३०० मिली दहा सेकंदांच्या आत उतरतं. मात्र वॉशिंग मशीनचे सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणू नका. आम्ही इथल्या सियागंज बाजारातून चार आणले आणि एकातूनही धार आली नाही. ते नळाच्या दाबावर उघडतात, टांगलेल्या बाटलीचा दाब त्यांना पुरत नाही. शिवाय पितळेचा भाग असला तर फिक्सर त्याला खातो. शेवटी आम्ही सिलिकॉनच्या नळीला बाहेरूनच चिमटा लावला. द्रवाला नळीशिवाय कशाचाच स्पर्श होत नाही आणि धुवायलाही सोपं.

आता भोकांजवळचे पट्टे. एकाच दिशेने, एकाच वेगाने, अखंड फिरवलं की द्रव भोकांमधून ठरलेल्या वाटेनेच उसळतो. भोकाच्या शेजारी ताजा डेव्हलपर सारखा लागत राहतो, तिथली चांदी जास्त काळी होते. डेव्हलपर काम करतो तेव्हा फिल्मच्या पृष्ठभागाशी वापरलेलं द्रावण साचतं. त्याला हलवून बाजूला करायचं आणि पुन्हा निवांत राहू द्यायचं, एवढंच आपलं काम. दर मिनिटाला दहा सेकंद, आणि तेही पुढे-मागे. वायपरची मोटर मी यासाठीच निवडली. कबाड्याकडून ती आणताना नुसती मोटर न आणता सोबतच्या दांड्याही आणल्या. वायपर काचेवर जसा जातो-येतो तशीच रीलची दांडी जाते-येते, उलट दिशेचा प्रोग्रॅम लिहावाच लागला नाही. कमी वेगावर मिनिटाला पंचेचाळीसच्या आसपास फेऱ्या होतात, म्हणजे दहा सेकंदांत सात-आठ झोके. तेवढं पुरतं.

एवढं केल्यावर दोन्ही दोष जायला हवेत. पण तुमच्या पत्रात मला खटकलं ते दुसरंच. तुम्ही यंत्रात पहिल्यांदा जे घातलं तो खरे फोटो असलेला रोल होता. त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मला या विषयात सांगायचं आहे ते हेच.

मी इथल्या एका रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात एकतीस वर्षं डार्करूम सांभाळली. आमच्याकडे रुळांवरून फिल्म पुढे नेणारं स्वयंचलित यंत्र होतं. कोडॅकने अशी रुळांची यंत्रं १९५६मध्ये काढली आणि १९६५पर्यंत कोरडी फिल्म आत, दीड मिनिटात धुतलेली कोरडी फिल्म बाहेर, इथवर मजल गेली होती. मी नोकरीला लागले तेव्हा मला वाटलं, आता आपल्याला काय काम! पहिल्याच दिवशी वरिष्ठ तंत्रज्ञांनी हातात एक पट्टी दिली. पारदर्शक ते काळीकुट्ट, अशा पायऱ्या उमटवलेली फिल्मची पट्टी. रोज सकाळी यंत्र तापलं की पहिली ही पट्टी जायची. बाहेर आली की दिव्याच्या पेटीवर कालच्या पट्टीशेजारी लावायची. पायऱ्या जुळल्या तर पेशंट आत घ्यायचा. नाही जुळल्या तर बाहेर कितीही रांग असो, आधी टाकीचं तापमान बघायचं, डेव्हलपर बघायचा, रूळ बघायचे. हाड मोडलेल्या लेकराचा एक्स-रे यंत्राच्या चुकीमुळे पुन्हा काढावा लागला तर ते पाप आपलं, असं ते म्हणायचे. यंत्र चांगले फोटो देत नाही. ते कालच्यासारखं आज करतं, एवढाच त्याचा गुण. आणि आज ते कालच्यासारखं करतंय की नाही, हे पट्टीशिवाय कळत नाही.

तेव्हा तुमचं यंत्र पुन्हा जोडलंत की पहिले दहा फेरे नुसत्या पाण्याचे करा. किती मिली आत गेलं, किती बाहेर आलं, किती सेकंद लागले, हे वहीत लिहा. आमच्या यंत्रात पहिल्या आठवड्यात १८ मिली पाणी दर वेळी आतच राहायचं, कारण निचऱ्याचं भोक तळाच्या सगळ्यात खोल जागी नव्हतं. टँकखाली एका बाजूला पुठ्ठ्याची घडी सारली आणि ते ४ मिलीवर आलं.

मग हळदीची पट्टी करा. जाड टिपकागद हळदीच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवायचा. डेव्हलपरच्या बाटलीत धुण्याच्या सोड्याचं पाणी भरा, बाकी तिन्हीत साधं पाणी, आणि पूर्ण फेरा चालवा. प्रत्येक टप्प्याला बाहेर पडणाऱ्या पाण्याचा एकेक थेंब हळदीच्या कागदावर टाकत जा. सोडा असेल तिथे पिवळ्यावर कुंकवासारखा लाल डाग उठतो. पहिला थेंब लाल येणारच. दुसरा फिकट तांबूस असेल तर चालेल, डेव्हलपरची तेवढी बाकी मारण्यासाठीच स्टॉप बाथ असतो. तिसऱ्या टप्प्याला, म्हणजे फिक्सरच्या वेळी, डाग उठता कामा नये. आमच्याकडे तिथेही डाग उठला होता. बघितलं तर एका सांध्यात नळीला पोट आलं होतं आणि त्यात चमचाभर सोडा दडून बसत होता. कागद मी अजून जपून ठेवला आहे, चार डागांचा.

उजेडाची परीक्षा बहुतेक जण विसरतात. पारदर्शक नळी उजेड वाहून नेते, पाण्यासारखाच. झाकण कितीही घट्ट असो, निचऱ्याच्या नळीतून ट्यूबलाइट थेट टँकच्या तळाशी पोचते. कोऱ्या फिल्मचा वीतभर तुकडा रीलवर चढवून टँक यंत्रात बसवा, खोलीत दिवे लावून तासभर ठेवा, मग तो तुकडा हाताने धुवा. त्यावर कुठेही करडी झाक आली तर नळी काळी घ्या आणि तिला दोन वळणं द्या.

यानंतर पहिला रोल, तोही भिंतीचा. चुन्याची एकसारखी भिंत, सावलीतली, कॅमेऱ्याचा फोकस मुद्दाम बिघडवून, छत्तीसच्या छत्तीस फोटो एकाच एक्सपोजरचे. धुतल्यावर रीलच्या गाभ्याजवळचा फोटो आणि बाहेरच्या वेढ्यातला फोटो खिडकीच्या काचेवर शेजारी शेजारी धरा. झाडामाणसांच्या फोटोत जो डाग लपतो तो भिंतीवर लपत नाही. शेवटी अजून एक रोल एकाच दृश्याचा घ्या, चेंजिंग बॅगेत, म्हणजे हात घालून काम करायच्या काळ्या पिशवीत, मधोमध कापा, अर्धा हाताने धुवा, अर्धा यंत्रात. यंत्राचा अर्धा गडद आला तर वेळ थोडी कमी करा. तुम्हाला कधी टँक आडवा करून सतत फिरवायचा झाला, तर वेळ दहा-पंधरा टक्क्यांनी कमी करूनच सुरुवात करा.

हे सगळं माहीत असून मी एकदा घाई केली, तेही सांगायला हवं. धाकट्या भाच्याच्या मुंजीचे दोन रोल होते. यंत्र महिनाभर बंद पडून होतं. पट्टी न घालता मी थेट मुंजीचे रोल चढवले आणि बटण दाबलं. डेव्हलपर आत गेला आणि अर्ध्या मिनिटात लाईट गेली, लगेच परतही आली. तोवर झालं काय, की नळ्यांचे चिमटे विजेच्या जोरावर दाबलेले असायचे. वीज जाताच चारही चिमटे सैल पडले आणि फिक्सर आपोआप टँकमध्ये उतरला. वीज आल्यावर प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून सुरू झाला. बाहेर आली ती काचेसारखी कोरी फिल्म, कडेचे आकडेसुद्धा नसलेली. मातृभोजनाचा एकही फोटो राहिला नाही. माझी बहीण एका शब्दाने बोलली नाही, पण त्या दिवसाची आठवण आजही मला गिळवत नाही.

तेव्हा दोन गोष्टी आजच बदला. चिमटा स्प्रिंगने बंद राहावा आणि विजेने उघडावा, उलट कधीच नाही. आणि वीज आल्यावर यंत्राने स्वतःहून काहीही सुरू करू नये, बटणाची वाट बघावी. आम्ही बारा व्होल्टची बॅटरीही जोडली आहे.

यातून एक ओळखायची खूणही घ्या. पूर्ण कोरी फिल्म निघाली की आधी कड बघायची. कडेचे आकडे आणि नाव स्पष्ट असेल, तर धुण्यात दोष नाही, कॅमेऱ्यात फिल्म पुढे सरकलीच नव्हती. आकडेही नसतील तर डेव्हलपरने काम केलं नाही किंवा फिक्सर आधी गेला.

प्रश्न : मे महिन्यात आमच्या टाकीचं पाणी ३४ अंशांवर जातं. २० अंश आणायचे कुठून? आणि याच यंत्रात रंगीत रोल धुता येईल का? *(एक वाचक, देवास)*

उत्तर : २० अंशांचा हट्ट सोडा, २४ धरा. तापमान एका अंशाने वाढलं की वेळ साधारण दहाव्या हिश्शाने कमी होते. पण पाच मिनिटांच्या खाली वेळ आली की फिल्म एकसारखी धुतली जात नाही, म्हणून डेव्हलपर पातळ करा. एचपी-५ला आयडी-११ एकास एक पाणी घालून २० अंशांना १३ मिनिटं लागतात. २४ला ती नऊच्या आसपास येतात, म्हणजे हाताशी भरपूर वेळ राहतो. बाटल्या एका टबात उभ्या करा, टबात गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या सोडा आणि पाणी फिरतं ठेवायला कूलरचा पंप टाका. आमच्याकडे जूनपर्यंत हेच चालतं. जमलं तर पहाटे धुवा, माळव्यात तेवढी एक सोय देवाने ठेवली आहे. एकोणिसाव्या शतकातले नामवंत छायाचित्रकार राजा दीनदयाळ १८६६मध्ये इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला आले आणि इथेच कॅमेऱ्याकडे वळले. त्यांच्या सुरुवातीच्या काळात काचेवर ओलं द्रावण पसरून ते वाळायच्या आत फोटो काढून धुवावा लागे. या उन्हात ते काम कसं साधत असतील, याचा विचार करत मी कितीदा टबापाशी बसले आहे.

रंगीत फिल्मची, म्हणजे सी-४१ पद्धतीची गोष्ट वेगळी. तिथे डेव्हलपर ३७.८ अंशांवर लागतो, सव्वातीन मिनिटं, आणि अंशाच्या सातव्या भागाइतकीच सूट. आर्डुइनोबरोबर वापरतात तो तापमानाचा डीएस-१८बी-२० संवेदक अर्ध्या अंशाने चुकू शकतो. पण ३७.८ म्हणजे बरोबर १०० फॅरनहाइट, आपल्या भाषेत शंभर ताप. घरातला ताप मोजायचा चांगला थर्मामीटर नेमका याच जागी सगळ्यात विश्वासू असतो. दोन्ही एकाच भांड्यात धरा, फरक वहीत लिहा आणि तो प्रोग्रॅममध्ये वजा करा.

पाण्यात मत्स्यपेटीचा हीटर सोडणार असाल तर त्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि पक्कं अर्थिंग हवंच. ओले हात आणि २३० व्होल्ट, यात दुसरी संधी मिळत नाही. हे केल्याशिवाय प्लग लावू नका, ही माझी विनंती समजा.

प्रश्न : डी-७६ डेव्हलपर घरी बनवताना पांढरा गाळ बसतो आणि विरघळत नाही. रसायनं चांगल्या दुकानातली आहेत. *(एक वाचक, उज्जैन)*

उत्तर : तुम्ही सल्फाइट आधी घातलं असणार. मेटॉल सल्फाइटच्या दाट द्रावणात विरघळत नाही. ७५० मिली पाणी ५० अंशांच्या थोडं वर तापवा, त्यात चिमूटभर सल्फाइट, मग २ ग्रॅम मेटॉल, आणि ते पूर्ण विरघळेपर्यंत थांबा. त्यानंतर निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम, याच क्रमाने. थंड पाणी घालून १ लिटर करा आणि रात्रभर राहू द्या. बोअरिंगचं पाणी नको. नर्मदेचं उकळून गाळलेलं चालतं, पण वाळताना फिल्मवर डाग पडू नयेत म्हणून शेवटची विसळणी मी डिस्टिल्ड पाण्याचीच करते. मेटॉलने काही जणांच्या हातावर पुरळ उठतं, हातमोजे घाला.

प्रश्न : यंत्रात फिक्सर पुन्हा पुन्हा वापरला तर चालेल का? संपलेला कुठे टाकायचा? *(एक वाचक, महू)*

उत्तर : चालेल, मोजून. फिल्मच्या तोंडाचा कापलेला तुकडा फिक्सरमध्ये टाका आणि तो दुधाळपणा जाऊन पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते बघा. त्याच्या दुप्पट वेळ फिक्स करायचं. ताज्या फिक्सरला लागला होता त्याच्या दुप्पट वेळ जर तुकडा निवळायलाच लागू लागला, तर तो फिक्सर संपला. डेव्हलपर मात्र मी एका रोलला एकदाच वापरते. संपलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते, गटारात ओतू नका. मी कॅन भरून ठेवते आणि एक्स-रेची चांदी काढणाऱ्या माणसाला देते.

प्रश्न : वडिलांच्या ट्रंकेत एक रोल मिळाला. फोटो काढलेले आहेत, धुतलेला नाही. निदान तीस वर्षं जुना असेल. आमच्याकडे वडिलांचे तरुणपणीचे फोटो जवळजवळ नाहीत. तुमच्या यंत्रात धुवून द्याल का? *(एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर)*

उत्तर : यंत्रात नाही. असा रोल मी हातानेच धुवीन. यंत्र कालच्यासारखं आज करतं आणि तुमच्या रोलला काल नाहीच, तो एकदाच धुतला जाणार आहे.

आधी डबीवर काय लिहिलंय ते मला कळवा. कोडाक्रोम, म्हणजे कोडॅकची जुनी रंगीत स्लाइड फिल्म, असेल तर तिचे रंग आता मिळणार नाहीत असंच धरा, ती प्रक्रिया करणाऱ्या शेवटच्या प्रयोगशाळेने २०१०च्या अखेरीस रोल घेणं थांबवलं. फार तर कृष्णधवल प्रतिमा मिळते. सी-४१ लिहिलं असेल तर रंग फिके आणि दाणेदार येतील, पण चेहरे येतील. साधी कृष्णधवल असेल, आपल्या उटीची ‘इंदू’ किंवा अशी कुठलीही, तर आशा सगळ्यात जास्त. इतक्या वर्षांत फिल्मवर करडी धूसर झाक चढते. ती आवरायला डेव्हलपरमध्ये थोडं पोटॅशियम ब्रोमाइड घालावं लागतं. ते किती आणि वेळ किती, हे ठरवायला मला रोलच्या टोकाचा वीतभर तुकडा कापून आधी धुवावा लागेल. त्यात एखाद-दुसरा फोटो जाईल. त्याला तुमची तयारी हवी, घरी सगळ्यांना विचारून ठरवा.

तोवर रोल उघडून बघू नका, कॅमेऱ्यात घालू नका, टपालाने पाठवू नका. घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेलची पुडी घालून फ्रीजमध्ये ठेवा. मे संपू द्या, पाऊसही जाऊ द्या. डिसेंबरात नळाचं पाणी स्वतःच २० अंशांच्या खाली येतं, तेव्हा घेऊन या. मात्र आणायच्या दिवशी डबी सकाळीच फ्रीजबाहेर काढा आणि दोन-तीन तास न उघडता तशीच ठेवा, नाहीतर गार फिल्मवर दव धरतं.